आधी एक झाकू

"आधी एक झाकू," असं म्हणून मावशी डाव्या हाताचा तळवा थेट समीकरणावर ठेवायच्या. नुसता टेकवायच्या नाहीत, दाबायच्या. उतू जाणाऱ्या पातेल्यावर झाकण दाबावं तसा. अर्धं समीकरण तळव्याखाली गडप व्हायचं आणि उरलेल्या अर्ध्याकडे त्या डोळे बारीक करून बघत राहायच्या. त्या वर्षी माझ्या टेबलावरच्या आलेखाच्या कागदांना हळदीचे डाग होते आणि फोडणीचा वास होता.

तुमच्यापैकी कुणी शाळेत नोकरी केली असेल तर तुम्हाला ठाऊकच असेल, शाळेत खरी माहिती दोनच माणसांकडे असते. एक शिपाई आणि दुसरी स्वयंपाकघरातली मावशी. बाकी आम्ही सगळे हजेरीपत्रकापुरते.

आमची शाळा तलासरीच्या पूर्वेला, डोंगराच्या अंगाला. मुलींची, निवासी. मी घाटावरून आलेला गणिताचा मास्तर. डहाणूत खोली घेऊन राहायचो, रोज मोटरसायकलवरून ये-जा करायचो, आणि खोटं कशाला बोलू, स्वभावाने तापट होतो. पहिल्याच दिवशी ताट घेऊन रांगेत उभा राहिलो तर मावशी भात वाढता वाढता म्हणाल्या, "सर, तू नवा का? घे अजून. वाळकाच हायेस."

मी तणतणत मुख्याध्यापकांकडे गेलो. ते हसले. "अहो, इथल्या बोलीत 'तुम्ही' कमीच. ती देवालाही तूच म्हणते, तुमचं काय घेऊन बसलात?"

मी मावशींना शेवटपर्यंत 'तुम्ही' म्हणालो आणि त्या मला शेवटपर्यंत 'तू'. यात मान कुणी कुणाला जास्त दिला, हे मला फार उशिरा कळलं.

दिवाळीच्या आधी शाळेत एक पत्र आलं. पुढच्या वर्षापासून आमचं स्वयंपाकघर बंद, मुलींचं जेवण बाहेरून तयार होऊन येणार. रोजंदारीवरच्या बायकांचं काम उन्हाळ्याच्या सुट्टीबरोबर संपणार. त्यातल्या त्यात एक वाट होती. डहाणूकडच्या एका वसतिगृहात स्वयंपाकाची कायम जागा रिकामी होती आणि कामाचा अनुभव बघून ती मावशींना मिळण्यासारखी होती. पण अट होती दहावी पासची. मावशी आठवीपर्यंत शिकलेल्या.

दुसऱ्या दिवशी जेवणं उरकल्यावर त्या वर्गाच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"सर, दहावीचं गणित तूच शिकवतो ना? मला शिकव."

"मावशी, या वयात?"

"वय पेपरात विचारतात का?"

मी काहीतरी पुटपुटलो. वेळ नाही, माझेच वर्ग आवरत नाहीत, वगैरे. त्यांनी ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "नाय पास झाले तं भट्टीवर जायाला लागल. मी भट्टीवर नाय जाणार, सर." आवाज जराही चढला नव्हता. विनवणीही नव्हती. नुसतं सांगत होत्या.

इथे पावसाळा संपला, भात झोडून झालं की कितीतरी घरं कुलूप लावून वीटभट्टीवर जातात. मावशी आणि त्यांचा नवरा असेच वर्षानुवर्षं जात. एका हंगामात नवऱ्याला भट्टीवर ताप चढला, आणि परतीच्या टेम्पोत मावशी एकट्या होत्या. हे मला त्यांनी कधी सांगितलं नाही, शिपायाने सांगितलं. ते ऐकल्यावर नाही म्हणायची माझी छाती झाली नाही. बाहेरून परीक्षेला बसणाऱ्यांचा सतरा नंबरचा फॉर्म भरला. बाकीचे विषय त्या रेटून नेतील असं सगळ्याच शिक्षकांना वाटत होतं. अडत होतं ते गणितापाशी, म्हणजे माझ्यापाशी.

पहिला महिना वाईट गेला. "x म्हणजे कोणतीही संख्या," मी सांगायचो. "कोणतीही म्हणजे कोणती?" त्या विचारायच्या. मी पुन्हा सांगायचो, त्या पुन्हा विचारायच्या. एकदा मी चिडून खडू भिंतीवर फेकला. मावशी उठल्या, खडूचे तुकडे वेचले, टेबलावर ठेवले आणि म्हणाल्या, "सर, तू भूक लागली का असा करतो." त्या दिवशी मी खरोखरच जेवलो नव्हतो.

शेवटी त्यांनीच तोडगा काढला. x ला त्या फुली म्हणायला लागल्या आणि y ला फाटा. दिसायला ती अक्षरं आहेतही तशीच. फुली आणि फाटा म्हटल्यावर त्यांचं अवघडलेपण गेलं. आणि आलेख आला तेव्हा तर त्या खुलल्याच. मी फळ्यावर 2x + 3y = 12 लिहिलं आणि डस्टरने एक पद झाकून दाखवलं. मावशींनी डस्टर बाजूला केला आणि स्वतःचा तळवा ठेवला.

"फाटा झाकला म्हणजे फाटा शून्य. दोन फुल्या बारा, तं एक फुली सहा. आडव्या रेघेवर सहाला खुंटी ठोक. आता फुली झाकू. तीन फाटे बारा, एक फाटा चार. उभ्या रेघेवर चारला खुंटी. आता ताण दोरी." आणि पट्टी लावून त्यांनी सरळ रेघ मारली, या अक्षापासून त्या अक्षापर्यंत.

"मावशी, हे पुस्तकात सुद्धा इतकं सोपं नाही."

"आमच्या पोरींचे कपडे वाळत घालतात तसाच हाय. दोन खुंट्या पाहिजेत. एका खुंटीवर काय वाळत घालशील?"

मला इतका आनंद झाला की नको ते बोलून गेलो. म्हणालो, "ही रीत घट्ट धरून ठेवा. आलेखाचा प्रश्न येणारच, आणि ही रीत कधी दगा देत नाही." मुलींना आणि मावशींना शिकवताना असं वाक्य बोलू नये. पण शिक्षकाला टाळी हवी असते.

त्यानंतर 'आधी एक झाकू' हे मावशींचं सगळ्यावरचं औषध झालं. एका सकाळी गॅसची शेगडी बंद पडली आणि नेमके त्याच वेळी जेवण तपासायला साहेब आले. मुख्याध्यापकांना घाम फुटला. मावशी म्हणाल्या, "आधी एक झाकू. साहेबाला हापिसात बसव, चहा दे." साहेब चहा पीत बसले तोवर मागच्या अंगणात तीन दगड मांडून भात शिजला होता. साहेबांनी शेरा लिहिला, जेवण चविष्ट. लाकडावरचा भात होता, चविष्ट असणारच.

सराव परीक्षेत त्या काठावर होत्या. आलेखाचे गुण धरले तर पास, सोडले तर नापास, इतकं स्वच्छ गणित होतं. त्यांनाही ते कळत होतं. बाकी कुठे चुकलं तर चालेल, आलेख चुकून चालणार नाही.

शिमग्याला शाळा ओस पडली. आमच्याकडे तो मोठा सण, मुली आपापल्या पाड्यांवर गेल्या. मी मात्र शाळेत होतो, कारण वरून निरोप आला होता की अमुक माहिती आजच ऑनलाइन भरा. रेंज येत-जात होती, पान पुन्हा पुन्हा कोरं होत होतं आणि माझं डोकं फिरलं होतं. गणिताचा पेपर आठवड्यावर आलेला.

दुपारी मावशी आल्या. हातात तांदळाच्या पिशवीचा फाडलेला कागद होता.

"सर, हे बघ ना. फुली झाकली तं शून्य येतं. फाटा झाकला तं बी शून्यच येतं. दोन्ही खुंट्या एकाच जागी. मंग दुसरी कुठं ठोकू?"

"कुठल्या पुस्तकातलं आहे?"

"पुस्तकातलं नाय. माझंच हाय."

मी मान वर केली नाही. हे मला आजही दिसतं. पडद्यावरचं चाक गोल गोल फिरत होतं आणि मी त्याच्याकडे बघत होतो. "तसं परीक्षेत देत नाहीत, मावशी. जे देतात ते करा."

"नाय देत?"

"नाही देत."

त्यांनी कागदाची घडी केली, कमरेला खोचली आणि गेल्या. गणिताच्या मास्तरला हे ठाऊक नसतं का, की रेषा आरंभबिंदूतून गेली तर दोन्ही छेद तिथेच पडतात आणि दुसरा बिंदू आपण हाताने शोधायचा असतो? एका वाक्याचं काम होतं. फुलीला कोणतीही एक किंमत द्या, झालं. तेवढं वाक्य मी बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरासमोरून जाताना त्यांनी हाक मारली. चेहरा उजळला होता. "सर, आज चार पोरी आल्या परत."

"बरं," मी म्हणालो आणि पुढे गेलो.

पेपरच्या दिवशी मीच त्यांना मोटरसायकलवरून तलासरीला घेऊन निघालो. हायवेला लागलो आणि बघतो तर ट्रकांची रांग. काहीतरी उलटलं होतं पुढे. दोन्ही बाजूंनी भोंगे. मी कडेच्या मातीतून गाडी घालायला बघितली, तिथेही एक टेम्पो आडवा. मागून मावशी म्हणाल्या, "सर, थांब. मी उतरते." त्यांनी चपला हातात घेतल्या, पदर खोचला आणि ट्रकांच्या मधून पळत सुटल्या. चाळिशी ओलांडलेली बाई, हातात चपला आणि प्लास्टिकच्या पिशवीत कंपास. मी गाडी तिथेच सोडून त्यांच्या मागे पळालो, पण मला त्या सापडल्या नाहीत. परीक्षा केंद्राच्या फाटकापाशी पोचलो तेव्हा तिथला शिपाई म्हणाला, एक बाई धापा टाकत आत गेली, वेळेत गेली.

मी बाहेरच्या चिंचेखाली बसून राहिलो. दोन तासांनी मुलं बाहेर यायला लागली. एका मुलाच्या हातातून प्रश्नपत्रिका मागून घेतली आणि उभ्या उभ्या चाळली. आलेखाचा प्रश्न होता. 3x − 2y = 0.

उजवीकडचं ते शून्य मी दोनदा वाचलं. छपाईची चूक असेल अशीसुद्धा आशा केली. मग पत्रिका परत दिली आणि पुन्हा चिंचेखाली जाऊन बसलो.

मावशी सगळ्यात शेवटी आल्या. आता पायात चपला होत्या. माझ्यासमोर उभ्या राहिल्या, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "सर, दिलं त्यांनी."

एवढंच. रागाने नाही, दुःखाने नाही. मी काय विचारणार? तुम्ही काय केलंत? सोडलात का प्रश्न? विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं. मावशी गाडीच्या दिशेने चालू लागल्या होत्या. "चल, पोरींची रातची भाजी चिरायची हाय."

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. रोज दुपारी त्या माझ्या ताटात भात वाढायच्या, रोज म्हणायच्या, "घे अजून," आणि मी ताटातून मान वर न करता जेवायचो. स्वयंपाकघरातली भांडी मोजून पोत्यात भरली जात होती. बाकीच्या दोघी बायका आपापल्या वाटेला लागल्या, एक चिंचणीला भावाकडे मासळी विकायला गेली. मावशी कुठे जाणार हे कुणी विचारत नव्हतं. भट्टीच्या मुकादमाचा माणूस एकदा पाड्यावर येऊन पुढच्या हंगामासाठी चौकशी करून गेला होता, तेही मला शिपायानेच सांगितलं. रात्री अंथरुणावर पडलो की 'तसं परीक्षेत देत नाहीत' हा माझाच आवाज मला ऐकू यायचा. मी वीस वेळा ठरवलं की माफी मागायची. वीस वेळा भात घेऊन मागे वळलो.

निकालाच्या दिवशी सुट्टी होती. पाड्यावर रेंज नाही म्हणून मावशी आशागडच्या बाजारात येणार होत्या. मी तासभर आधीच जाऊन उभा. त्या आल्या, हातात जांभळांचा द्रोण, माझ्यासाठी आणलेला. मी नंबर घातला. पान उघडेना. दुपारचं ऊन, माणसांची ढकलाढकली आणि ते चाक पुन्हा गोल गोल फिरतंय, शिमग्याला फिरत होतं तसंच. माझ्या कपाळावरून घाम थेट फोनवर टपकला.

पान उघडलं. मी वाचायच्या आत मावशींचा तळवा पडद्यावर आला.

"आधी एक झाकू," त्या म्हणाल्या. "गणित झाकलेलं राहू दे. बाकीचं वाच."

मराठी पास. हिंदी पास. इंग्रजी कसंबसं, पण पास. विज्ञान, सामाजिक शास्त्रं, पास. मी वाचत होतो आणि मला माझा आवाज परका वाटत होता. मग एकच ओळ राहिली. मावशींचा तळवा तिच्यावरून हलेना. चुलीवरचं जळतं लाकूड सहज सरकवणारी बोटं पडद्याला चिकटून बसली होती.

"काढू?" त्यांनी विचारलं.

"काढा."

गणिताला पास होऊन वर दोन गुण जास्त होते.

मावशींनी ओळ स्वतः वाचली, बोट लावून. मग पुन्हा वाचली. "आता भट्टी नाय," त्या म्हणाल्या आणि रस्त्याच्या कडेला खाली बसल्या, जांभळं मांडीवर घेऊन. मी भर बाजारात रडलो. लोक बघत होते, बघू देत. मावशी मात्र रडल्या नाहीत. "सर, तू जेवला का?" त्यांनी विचारलं.

तेव्हा विचारायला हवं होतं. त्या प्रश्नाचं काय केलंत, हे एवढंच. पण मी मनाशी म्हटलं, दुसरीकडचे कुठले तरी गुण मिळाले असतील, आनंदाच्या दिवशी ती जखम कशाला उकरा. आणि खरं सांगायचं तर, माझी चूक झाकलेली राहिलेलीच मला हवी होती. तेवढ्यात त्यांच्या पाड्याकडे जाणारी इको गाडी आली आणि त्या चढून गेल्या. शाळा सुरू व्हायच्या आधीच त्या वसतिगृहात रुजू झाल्या. निरोप समारंभ झाला नाही, रोजंदारीच्या माणसांचा तो होत नसतो.

पावसाळ्यानंतर जुन्या स्वयंपाकघराचा वर्ग करायचं ठरलं. रंगारी आला. त्याने धान्याची मोठी पत्र्याची कोठी ओढून बाजूला केली आणि मला हाक मारली. "सर, इथं बघा, कुणीतरी भिंत चितारून ठेवलीय."

कोठीच्या आडचा तो कोपरा म्हणजे मावशींची तांदूळ निवडत बसायची जागा. भिंतीवर कोळशाने त्या रोजचा आकडा लिहून ठेवायच्या, आज जेवायला पोरी किती आणि तांदूळ किती मापं. चार पोरींना एक माप, हा त्यांचा हिशेब. आकड्यांची रांग वरून खाली आली होती आणि तळाशी लिहिलं होतं, 'शिमगा. पोरी ०, माप ०.' शेजारी x − 4y = 0. समीकरण दोन्ही बाजूंना पुसटलेलं होतं, कारण तिथे तळवा दाबला होता, एकदा इकडे, एकदा तिकडे. कोळशाचा काळा तळवा भिंतीवर नीट उमटला होता, बोटांसकट.

खाली पुढचा आकडा. 'दुसरा दिवस. पोरी ४, माप १.'

आणि त्याच्या बाजूला कोळशाने काढलेले दोन अक्ष. आडव्याच्या टोकाला 'पोरी', उभ्याच्या टोकाला 'माप'. एक ठिपका कोपऱ्यात, शून्यावर. दुसरा चारच्या वर, एकच्या समोर. दोन्हींतून रेघ मारली होती, पोळपाटाच्या कडेने मारली असावी, आणि ती सरळ वर खिडकीच्या चौकटीपर्यंत गेली होती. दुसरी खुंटी त्यांना पेपरच्या आधीच मिळाली होती. ज्या चार पोरी परत आल्या, त्याच ती घेऊन आल्या होत्या. मला हाक मारून त्या तेच सांगत होत्या आणि मी 'बरं' म्हणून निघून गेलो होतो.

रेघेखाली दोन ओळी होत्या, मावशींच्या जाड, सुट्या अक्षरांत. 'सर सांगतो असं येत नाही. आमच्याकडे रोज येतं.'

रंगाऱ्याने कुंचला बादलीत बुडवून काढला. "सर, हे झाकायचं ना?"

"थांब जरा," मी म्हणालो. पुढे गेलो, डावा तळवा पहिल्या ओळीवर ठेवला, दाबून, आणि उरलेली ओळ वाचली.

आमच्याकडे रोज येतं.